वरचं काम

अफीफच्या बायका म्हणत, आमचे पुरुष अधांतरी कमावतात.
त्या समुद्राचं शेवाळ ओढून आणायच्या
मक्याच्या शेतात खत म्हणून,
आणि पुरुष तिकडे पोर्तोत
परक्यांच्या डोक्यावर द्राक्षं पिकवायचे.

माझा बाप बेंतु नाताळला यायचा.
वळणावर आधी खोकला दिसायचा, मग तो.
भुवयांत चुना, मान डावीकडे अडकलेली,
पेरांना भेगा. आई त्यांत डुकराची चरबी भरायची,
फुटकी बशी सांधावी तशी, न बोलता.

तो मात्र बोलायचा.
चुना सहा महिने खड्ड्यात मुरला पाहिजे,
घाईचा चुना फुगतो आणि मालकाच्या सूपमध्ये पडतो.
त्यात संगमरवराची भुकटी, बकरीचे केस.
गिलावा धरायला लागला की नाक पुसायची सवड नाही,
तेवढ्यात पान वळवायचं, देठ उचलायचा,
नाहीतर नुसता दगड.
एका बँकवाल्याच्या जेवणघरात त्याने
चाळीस घड लावले, अर्धं सोललेलं डाळिंब,
आणि दोन तितर; त्यांच्या पाठीची पिसंसुद्धा कोरली,
जी खालून दिसणारच नव्हती.
कोण बघणार ती? मी विचारलं.
कोळी, तो म्हणाला.

आमच्या घरात उघड्या तुळया, धुराने काळ्या,
त्यांना कांद्याच्या वेण्या.
बाबा, आपल्यालाही कर ना एक फूल,
चुलीच्या वर, एवढंसं.
देओलिंदा, छताला फूल आलं की खाली खुर्ची लागते,
खुर्चीला गादी लागते,
आणि गादीवर बसायला आपल्यात कोण रिकामं आहे?
उरलेल्या चुन्याने त्याने डुकरांची खोली लिंपली.
इतकी गुळगुळीत, की डुकरं दोन दिवस आत जाईनात.

सतराव्या वर्षी मी त्याच बँकवाल्याकडे वाढायला लागले.
मान वर करायची नाही, अशी ताकीद होती.
बाबाचं छत मी पाहिलं ते चांदीच्या झाकणात:
फुगलेलं, वाकडं,
एक तितर माझ्या अंगठ्याशी येऊन उलटं उडत होतं.
झाकण मी जरा जास्तच पुसलं.

तो गेला तेव्हा त्याला टेबलावर ठेवलं होतं, उताणा,
पायाखाली फळी नाही, तोंडावर काही गळत नाही.
डोळे मिटायला आईने उशीर केला.
वरच्या वेणीतून कांद्याचा एक पापुद्रा सुटला,
गिरक्या घेत आला
आणि त्याच्या कोटावर बसला.
कुणी उचलला नाही.