अंतर, मीटरमध्ये

मुलीने तक्ता करून पाठवला मालवणचा.
उभे रकाने: भाडं, गरम पाणी, एसी, जेवण,
समुद्रापासूनचं अंतर, मीटरमध्ये.
आडव्या ओळींत वाड्या:
दांडी, चिवला, वायरी, तारकर्ली, देवबाग.
तीस वर्षं ट्रेझरीत मी असलेच तक्ते तपासले.
ह्यात चूक सापडेना,
म्हणून जास्तच घाबरले.

हे असते तर प्रश्नच नव्हता.
ह्यांची खोली कायम एस.टी. स्टँडसमोर,
औदुंबर असो की महाबळेश्वर.
"परतायला बरं पडतं."
बावीस सहली आम्ही
कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली
ते ऐकत झोपलो.

रविवारी जेवणं झाल्यावर
खरकटी भांडी तशीच ठेवून एकेक नंबर लावला.
तारकर्लीचा मुलगा 'सी-व्ह्यू' म्हणाला अकरा वेळा.
देवबागचे गृहस्थ म्हणाले, पुढे समुद्र, मागे खाडी,
मधल्या पट्टीवर आमची खोली,
असं झोपायला तुम्हाला कुठे मिळणार?
मग आवाज उतरवून:
उधाणाच्या दिवसांत मात्र नका येऊ,
गेल्या खेपेला दोन माड गेले, कुंपण गेलं.
मी तक्ता पाहिला.
त्याला रकाना नव्हता.

दांडीचा नंबर शेवंती कुबल ह्यांचा.
मागे मिक्सर चालू होता, तो थांबला.
"एकलीच येतास?"
एकटीच, म्हटलं, आणि उगाच पुढे म्हटलं, चार दिवस.
"मग आधी माका सांगा,
दर्यो बघूक होयो काय आयकूक?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं.
दर्याचं तर नाहीच,
दुसऱ्या कशाचंही नाही.

"बघूक होयो तर चिवल्यार जावा,
थंय माझी नणंद असा, खिडकी उघडल्यार समोरच.
आयकूक होयो तर हयसर येवा.
माझ्या खोलयेतसून दर्यो दिसणा नाय.
बाव दिसता, नि वाळत घातलेली जाळी.
पाटे चार वाजता ट्रॉलर सुटतत, बर्फाची गाडी येता.
जाग येतली. मागीर माका बोल लावू नकात."

मी पेन उघडून विचारलं,
समुद्रापासून किती मीटर?
त्या हसल्या, इतक्या की मिक्सरचं झाकण पडलं बहुतेक.
"भरतीक थोडा, सुकतीक जास्त."

पहिल्या रात्री मी पंखाच ऐकला.
जुना, एका पात्याला आजारपण असलेला.
दुसऱ्या रात्री उठून बंद केला.
मानेवर घाम, मच्छरदाणीला खोबरेलाचा वास,
बराच वेळ काहीच नाही.
मग भिंतीपलीकडे
कुणी कोऱ्या नोटा मोजायला बसल्यासारखं:
मोजतंय, चुकतंय,
बोट ओलं करून
पुन्हा पहिल्यापासून.
कॅश बंद व्हायच्या वेळेला सुर्वे असेच मोजायचे.
मी नकळत त्यांच्याबरोबर मोजत राहिले
आणि चारशेच्या पुढे कुठेतरी हिशेब सुटला,
झोप की काय ते कळलं नाही.

चारला ट्रॉलर सुटले.
प्लास्टिकचे क्रेट फरपटले, कुणी बाई कुणाला
बापाचं नाव काढून ओरडली, मग दोघंही हसली.
स्टँडसमोर असंच ओरडतात,
पण तिथे सगळे कुठेतरी जायला निघालेले.
इथली माणसं दुपारपर्यंत परत येणार होती.

"झोप लागली?"
थोडी, म्हटलं.
"थोडीच लागता," म्हणत त्यांनी चहाची कपबशी
बावीच्या कठड्यावर ठेवली,
आणि कराडची गाडी कितीला सुटते
ते न विचारताच सांगून टाकलं.

बावीपासून पाण्यापर्यंत चालत गेले.
एकशे चाळीस पावलं.
आंघोळ करून पुन्हा मोजली.
एकशे अठरा.
वहीत दोन्ही आकडे लिहिले, एकाखाली एक,
खाली रेघ मारली नाही.