गुण्या

टेम्पो शिरोलीवरून आला.
ड्रायव्हर म्हणाला, मालकांना बोलवा सहीला.
"आलो आलो," म्हणत मीच गेले,
इथल्या पोरी बोलतात तशी.
त्यानं माझ्या मागं कोणी येतंय का बघितलं,
मग पावती पुढं केली.

पेटी फोडली तर आत
अंगभर पिवळट चिकटा लावलेली मशीन,
आत्ता पडलेल्या रेडकासारखी.
म्हशीला निदान जीभ असते.
माझ्याकडं आबांचा फाटका बनियन
आणि बाटलीतून आणलेलं दीड लिटर डिझेल,
रॉकेल आता कुणी देत नाही.
पहिला बोळा काळा निघाला, दुसरा तपकिरी,
सातव्याला खालचं बीड दिसलं.
करडं, गार. त्यावर बारीक रेघा, सगळ्या एका अंगानं गेलेल्या.
आबांनी खुर्चीतूनच विचारलं,
"आपल्या उद्यमनगरातलं ओतकाम असंल का गं?"
मी म्हटलं, खाली कोईमतूर लिहिलंय.
मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं
जुन्या मशीननं घेतली, मी बालवाडीत होते.
ती त्यांनी स्वतःच जुळवलेली: बाभळीचं टेबल,
बंद पडलेल्या गिरणीची मोटर,
पात्यावर झाकण म्हणाल तर देवाचं नाव.
त्या दिवसाचं विचारलं की लाकूडच सांगतात,
"शिसव होतं. काय शिसव होतं!"

कुंकवाची वाटी सकाळपासून मांडीवर.
"टेबलाला नको आबा, गंज धरतोय."
"मग काय पायाला लावू व्हय?"
शेवटी मोटरच्या झाकणावर, अंगठ्यानं.

उत्तरेश्वरातली आमची फरशी नदीकडं कलते.
एका पायाखाली पत्र्याच्या दोन चकत्या घातल्या,
बाटलीतला बुडबुडा मधे येईना,
एक काढली, तेव्हा आला.
टेबलाला मेण चोळलं, तळवा सुळकन गेला.
मुल्लाणी वायरमन थ्री फेज जोडून गेला,
जाता जाता म्हणाला, "उलटी फिरली तर हाक मार."
पातं बसवायच्या आधी
तिन्ही फ्यूज काढून मी खिशात टाकले.
आबांनी ते बघितलं.

काटकोनासाठी आज्ज्याचा गुण्या काढला.
शिसवीची मूठ, पितळी पट्टी, कडा झिजून गोल.
पात्याला टेकवला, वर केसाएवढा उजेड.
स्क्रू फिरवला, उजेड मिटला.
फ्यूज लावले, फळी कापली, फ्यूज परत खिशात.
एक तुकडा पालथा करून दुसऱ्याला भिडवला
तर पुन्हा उजेड.
तीनदा केलं. तीनदा उजेड.

मग प्लायच्या कडेला गुण्या धरून रेघ मारली,
गुण्या उलटवला, त्याच ठिपक्यातून दुसरी.
दोन्ही वर जाता जाता
बोलणं बंद झालेल्या जावांसारख्या लांब गेल्या.

म्हणजे गंगावेशीतली ती चार दुकानांची दारं,
तालमीची खिडकी, अत्तारांचा पाळणा,
आमची ही चौकट, जिच्यातून मी आत्ता मशीन आत घेतली...

आबांनी गुण्या मागितला,
उरलेल्या बोटांत फिरवला.
"अर्धं सूत आत धरायचं ह्याला.
माझा बा धरायचा, मी धरतो."
"सांगितलं का नाही कधी?"
"सांगायचं काय त्यात? हात धरतोय."
थोड्या वेळानं म्हणाले,
"तुझ्या हाताला ठाऊक असंल, वाटलं."

दोन रेघांच्या मधोमध मी तिसरी मारली.
त्या रेघेवर पातं लावलं. तुकडे भिडवले.
खिडकीसमोर धरले. नखही शिरेना.

गुण्या परत त्याच खिळ्याला.

खिशातून फ्यूज काढले. दोन मी बसवले.
तिसरा आबांनी मागून घेतला
आणि बसवायच्या आधी
माझे हात कुठं आहेत ते बघितलं.