बटणं

ग्वायाकिलमध्ये, वर्षाच्या शेवटच्या दुपारी
हेर्मिनिया विजारीत भुसा भरते आहे,
ठासून, गुडघ्यापर्यंत.

नवऱ्याची विजार, त्याचाच शर्ट.
क्वितोला जाऊन येतो म्हणाला होता,
त्याला सात वर्षं झाली.

खिशात घातली सावकाराची चिठ्ठी,
दवाखान्याचं फेडलेलं बिल,
आणि एक वाक्य, जे तिला लिहवेना,
म्हणून कोराच कागद.

तोंड शेजारच्या आल्सीदेसनं रंगवलं.
मिशी चुकली.
असू दे, ती म्हणाली,
मलाही कुठं नीट आठवतेय.

बाराला गल्लीभर बाहुले पेटले.
पोरं जाळावरून उड्या मारू लागली.
तिचा नुसताच धुमसत राहिला,
मग एकदम खाली बसला, दमल्यासारखा.

घरी येऊन तिनं हात धुतले.
ओट्यावर वाटीत शर्टाची पाच बटणं.
चांगली होती,
दुपारीच काढून ठेवलेली.