चिली गैरहजर

नकाशा होता, पण वाळवीनं घडीघडीवर खाल्लेला.
सोव्हिएत रशिया अजून शाबूत,
आफ्रिकेच्या पोटातून मात्र भिंतीचा चुना दिसायचा.
म्हणून त्या वर्षी मी हजेरीपटाच्या मागच्या पानावर
नववीच्या एकोणतीस पोरांना एकोणतीस देश वाटले,
आणि कबड्डीतून उरलेल्या फक्कीनं
मैदानावर जग आखलं.
अडाण नदीच्या बाजूला प्रशांत महासागर,
हापशीजवळ युरोप. तिथं कायम चिखल.

पहिल्याच दिवशी ओरड.
अमेरिका सगळ्यांनाच हवी.
मंगेश कुमरेला पोर्तुगाल आला, तर म्हणाला,
"बाई, हा तं बैल बांधाले बी पुरत नाई."
मयुरी आडेला चिली.
ती काही बोलली नाही.
सुटलेल्या रिबिनीसारख्या त्या लांबट देशावर
सरळ आडवी झाली आणि मापून उठली :
तीन मयुऱ्या, वर एक दप्तर.

मग हजेरी अशी होऊ लागली.
जपान? हजर बाई.
इजिप्त? हजर.
पोलंड? ताप आला त्याले.
चिली?
वेचणीले गेली.
दिवाळीनंतर चिली आठवड्यातून दोनदाच यायची.

पुस्तकात पहिल्या महायुद्धाची कारणं पाच होती,
पाच गुणांना पाच.
पोरांनी उतरवून घेतली, खाली रेघ मारली.
तास संपला आणि ऑस्ट्रियानं सर्बियाची कंपासपेटी लपवली.
रशिया सर्बियाच्या बाकावर सरकला,
जर्मनीनं दप्तर उचललं,
मधल्या सुट्टीपर्यंत अर्धा वर्ग अर्ध्या वर्गाशी बोलत नव्हता.
सहावं कारण मला तेव्हा दिसलं.
फळ्यावर लिहिलं नाही,
पेपरात चूक धरलं असतं.

औद्योगिक क्रांतीच्या धड्याला म्हटलं,
हा आपला वऱ्हाडातला कापूस मुंबईला जायचा,
तिथून आगबोटीत, एडनवरून सुएझ, मग मँचेस्टर.
तक्षशील भगत उभा राहिला.
"बाई, अडाण तठीबी हाय?"
वर्ग हसला, मीही हसले, स्पेलिंग लिहून दिलं.
संध्याकाळी पुलावर सायकल थांबवून
मी पाण्याला एकदा एडन म्हणून पाहिलं.

विस्तार अधिकारी आले, मैदान बघत उभे राहिले.
"हे कोणत्या घटकात? किती गुणांना?"
शून्य, म्हटलं.
मेक्सिको ओलांडून त्यांनी बुटांवरची फक्की झटकली.

जानेवारीत एका रात्री, नऊ वाजून गेलेले,
दाराची कडी वाजली.
मयुरी. मागं तिचा बाप, टॉर्च घेऊन,
तांड्यावरून चालत आलेले.
"बाई, टीव्हीवर सांगतलं. मायाकडे भूकंप झाला."
मला आधी तांडाच दिसला,
मांडणीवरून पडलेली भांडी, बाजेखाली कोणी.
"लय मोठा हाय म्हणे. आकडा वाढन म्हणे."
बाप म्हणाला, "एक घास नाई खाल्ला इनं."

चिलीत तांबं निघतं,
राजधानी सँटियागो,
याच्या पलीकडे मला काही येत नव्हतं.
तेच सांगितलं.
"ते लिवलं हाय माया वहीत," ती म्हणाली.

आम्ही तिघं अंगणात उभे.
तोंड कुठल्या दिशेला करावं, तेही ठरेना.
बऱ्याच वेळानं बापानं विचारलं,
"तठी आता दिवस असन का रात?"
मी बोटांवर तास मोजले, चुकले, परत मोजले.
दुपार, म्हटलं. निदान दिवस तरी.
"मंग बरं," तो म्हणाला.
"लोकं वावरात असतीन."

दुसऱ्या दिवशी मयुरी आली नाही, वेचणी होती.
हजेरी घेताना मी चिली म्हटलं
आणि अठ्ठावीस देश
लिहायचं सोडून माझ्याकडे बघत राहिले.