भुईकाटा

चेंडू पडतो, पण पडल्यासारखा वाटत नाही.
वाजिद सर खुर्चीमागे उभे राहून बघतात.
"उज्ज्वलाताई, याच्यात वजन नाही."
मला हसू येतं.
आठवडाभर मी दुसरं करते काय?
मानवतला, जिनिंगच्या फाटकाशी,
सहा बाय सातच्या खोलीत खिडकीला बसून
कापसाच्या गाड्या मोजते.
भरलेली गाडी वजा रिकामी गाडी.
अकरा वर्षं झाली, वजनाशिवाय
दुसऱ्या कशाची पावती फाडली नाही.

शनिवारची रजा बिनपगारी, रविवार माझा.
सकाळच्या एसटीनं परभणी,
वसमत रोडला झेरॉक्सच्या दुकानावर
लोखंडी जिन्यानं वर.
नऊ कॉम्प्युटर, त्यातले सात चालू,
वाऱ्यापेक्षा आवाज जास्त देणारा एक कूलर,
आणि चौदा पोरं,
ज्यांना पहिल्या दिवशी मी
फी भरायला आलेली कुणाची तरी आई वाटले.
प्रणिताला सिनेमात जायचंय,
ओवेजला गेम बनवायचेत.
मला काय करायचंय, ती फॉर्मवरची ओळ
रिकामी सोडून मी सही केली.

"चाळिशीत कार्टून काढायलीस का गं?"
नणंदेनं फोनवर विचारलं.
"काढायले," म्हटलं.
पुढे दोघींनाही काही सुचलं नाही.

एका सेकंदाला चोवीस चित्रं.
आधी टोकं काढा, सर सांगतात,
वरचा चेंडू, खालचा चेंडू,
मग मधले.
मधलेच फार असतात.
मी चेंडू मोठा केला, काळा केला,
खाली गडद सावली अंथरली.
"रंगानं वजन येत नसतं," सर म्हणाले,
आणि चहा प्यायला गेले.

मंगळवारी पाथरीकडून एक आयशर आली.
पुढची चाकं काट्यावर चढली,
प्लेट कण्हली,
आणि डबीतले लाल आकडे सुटले,
तीन हजार, पाच हजार सहाशे,
नऊ हजार तीनशे वीस,
मग मागे, दोनशे नव्वद,
पुन्हा पुढे, तीनशे दहा,
आणि तिथंच जरा थरथरून
बसले.
अकरा वर्षं मी बसलेला आकडा लिहीत आले.
बसायच्या आधी तो काय काय करतो
ते बघितलंच नव्हतं.

शनिवारी चेंडू खाली आला,
हवा त्याहून थोडा जास्तच दबला,
वर उडाला, लांबुळका झाला,
परत खाली, परत कमी वर, अजून कमी,
थरथरला.
शेजारी ओवेज चपला काढून बसला होता.
त्यानं पाय मागे घेतला.

मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं पायाकडे,
तेवढ्यात लाइट गेली.
सगळे यूपीएस एकदम कोकलले,
"सेव्ह करा, सेव्ह करा!"
माझ्या यूपीएसनं दोनदा आवाज केला
आणि मान टाकली.
रविवारी पुन्हा काढला.
सर म्हणाले, आता वजन आलं.
कालचा याहून जड होता,
पण तो फक्त ओवेजच्या पायाला माहीत.

सोमवारी काट्यावर खंडू ड्रायव्हर.
भरल्या गाडीत बसून राहायचं,
रिकामीच्या वेळी गुपचूप उतरायचं,
जुनी चलाखी.
"उतरा खाली," मी खिडकीतून ओरडले.
त्याचा हात आधी दांडीवर गेला,
मग गुडघा, मग कंबर वळली,
खांदे आले,
आणि पोट सगळ्यांत शेवटी,
एक हिसका देऊन, जागेवर पोचलं.
किती चित्रं? अठरा.
नाही, वीस तरी.
पेन हातातच राहिलं.
आकडा कधीचा बसला होता,
मागे ट्रॅक्टरवाले हॉर्न द्यायले.

"बाई, पावती."

"देते," म्हटलं,
"परत एकदा चढून उतरता का?"