पोच

टेम्पो सोमवारी यायचा असतो.
कशेडीत अडकला तर गुरुवारी येतो
आणि ड्रायव्हर म्हणतो, बाई, सही करा, मोजताय काय,
असल्या मालाला कोण हात लावतंय.

मी मोजते.
एकशे बारा गठ्ठे. राजपत्र भाग एक, भाग दोन,
गेल्याच्या गेल्या वर्षीच्या विधिमंडळातल्या चर्चा,
काजूवरच्या रोगांची पुस्तिका, जिच्यातला बोंडू
छपाईत जांभळा झालाय.

रत्नागिरीतल्या आमच्या गोदामात
जमिनीवर खडूने चार चौकोन आखलेत.
अ, ब, क, ड.
अ म्हणजे शहरातली वाचनालयं, पंखे असलेली.
ड म्हणजे एक कपाट, एक बाक
आणि किल्ली शेजारच्या पिठाच्या गिरणीत.
अ-ला सगळं मिळतं, ड-ला उरलं तर.
हा नियम कुठे छापलेला नाही,
नाहीतर तोही मलाच वाटावा लागला असता.

सुतळीची गाठ बापसाने शिकवली.
मिरकरवाड्यात जाळी विणायचा.
गाठ अशी मार, म्हणायचा, की माशाला सुटू नये
आणि तुला सोडवता यावी.
नोकरी लागली तेव्हा विचारलं त्याने, तिथे करतेस काय?
म्हटलं, गठ्ठे बांधते.
म्हणजे धंदा तोच, म्हणाला, आणि बिडी पेटवली.

तोच नाही.
मासा दुसऱ्या दिवशी वास मारतो,
अहवालाला पाच-सहा वर्षं लागतात.

जेवणाच्या सुट्टीत मी राजपत्राची मागची पानं वाचते,
नाव बदललेल्या माणसांची.
जुनं नाव, नवं नाव, पत्ता. बाकी काही नाही.
प्रत्येक नवं नाव एकदा मोठ्याने म्हणते.
कुणीतरी हाक मारायला हवी ना.

तर त्या वर्षी बंदर खात्याचा अहवाल आला, निळ्या पुठ्ठ्यात.
पान दोनशे चौदा, अनुक्रमांक एकतीस:
मौजे खारवली, जेटी, काम पूर्ण.
एक प्रत खारवलीच्या वाचनालयालाही होती.
जयगडपर्यंत एसटीने, मग फेरीबोटीने,
पुढे जनू पालशेतकरची होडी,
तीही भरती असेल तर.

तीन आठवड्यांनी पोच आली.
खाली ग्रंथपाल इनूस मुकादम यांची सही, अक्षर तालुक्यात एक नंबर:
"एकूण नग चौदा. चौदाही पोचले.
पैकी सहा होडीतून उतरताना चिखलात पडले, सुकवीत आहे.
पान २१४ वरील जेटी मिळाली नाही.
कृपया पुढील गठ्ठ्यात पाठवावी."

साहेबांनी दोनदा वाचलं.
चष्मा पुसून तिसऱ्यांदा.
म्हणाले, हे खोडून नवी पोच मागवा.
मी हो म्हटलं.

नोंदवहीत रकाने तीनच:
मिळाले, फाटके, न मिळाले.
तिसऱ्यात मी एक लिहिला.
एकच. छोटासा. मुंगीएवढा.

मार्चमध्ये बेरजा वर गेल्या, पुण्याला,
तिथून आणखी कुठे कुठे.
कुणी विचारलं नाही तो नग कुठला,
पुस्तकच असणार, दुसरं काय हरवतं या खात्यात.

परवाच्या टेम्पोत आमच्याच खात्याचा वार्षिक अहवाल होता.
शाईचा वास अजून ओला.
आमचा जिल्हा, पान साठ:
न मिळालेले नग, १.
सरकारी छापखान्यात छापलेला, सरकारी एक.

उरल्या प्रतींची वाट न बघता
पहिली प्रत मी ड-च्या चौकोनात ठेवली.
वर प्लास्टिक, दुहेरी.
गाठ बापसाची.
मग जनूला फोन लावला,
गुरुवारी भरती किती वाजता रे?