एक नंबरची पिन

सकाळी बटण दाबलं,
बीप वाजली, मेमरी मोजून झाली
आणि पांढऱ्याच्या जागी
मोरपंखी उजाडलं.

काल झाडताना टेबल सरकवलं होतं, तेवढंच.
पत्रिका उघडली. ॥ श्री गजानन प्रसन्न ॥
कुंकवाचं होतं, ते काळं ठिक्कर.
हळदीचं बोट हिरवं.
आणि चार वाजता धायरीहून
मुलीचे वडील येणार, प्रूफ बघायला.

नवा घ्या, असं नारायण पेठेत जो तो सांगतो.
पण माझी सगळी अक्षरं या जुन्या डब्यातच नांदतात,
मागे खोचलेल्या बोटभर कुलपाच्या जिवावर.
नव्या मशीनला ते लावायचं भोकच नसतं.

तपकीर गल्लीतून घनवट आले स्कूटरवरून,
हातात केबल, खिशात संपलेली रिफिल.
पडद्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.
"सांगा, काय रंग दिसतो?"
मोरपंखी.
"म्हणजे लाल गेला. एक नंबरची पिन.
जांभळट म्हणाला असतात तर हिरवा,
पिवळं म्हणाला असतात तर निळा."

मग मॉनिटरचा स्वतःचा मेनू काढला.
"याची पट्टी कशी आहे?"
लाल, म्हटलं. चक्क लाल!
"मग ट्यूब शाबूत. रोग वाटेत आहे."

मागची वायर सोडवली.
तीन ओळींत टाचण्या उभ्या,
वरच्या ओळीतली पहिली मात्र
आडवी झोपलेली.
रिफिलच्या पोकळ टोकात तिला धरून,
श्वास रोखून,
उभी केली.

"आता?"
पांढरं.
"दुधासारखं की ताकासारखं?"
मी हसले. ते हसले नाहीत.
"गजानन?"
कुंकू.
"हळद?"
हळद.
तेव्हा कुठे त्यांनी स्क्रू आवळले.

दोनशे रुपये घेतले, चहा नको म्हणाले.
दाराशी फळीवर दोन हेल्मेटं,
एकाच कंपनीची, माझं लाल, त्यांचं हिरवं.
घनवट थांबले.
एक उचललं, उलटं करून आत चरा शोधला,
ठेवलं.
"यातलं माझं कोणतं, ताई?"

हिरवं, मी म्हटलं.
मग जीभ चावली.
मग म्हटलं, डावीकडचं.

चारला मुलीचे वडील आले.
चष्मा पुसून, पडद्याला नाक लावून म्हणाले,
लाल जरा जास्तच होतोय का हो?

राहू द्या, म्हटलं.
आत्ताच उभा राहिलाय.